बॉयलरवाले शिवरामभाऊ आणि तीन लिटरचा कुकर

माझ्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहणारे शिवराम उबाळे यांनी सगळा जन्म वाफेत काढला. अंबरनाथला मोरिवलीजवळच्या एका कारखान्यात ते तरुणपणी बॉयलरवर लागले आणि बॉयलर हाउसचे सुपरवायझर होऊन निवृत्त झाले. तो बॉयलर आमचे दोन्ही फ्लॅट एकत्र केले तर जेवढे होतील तेवढा होता असं ते सांगतात. जाता-येता ते त्याच्या अंगावर थाप मारायचे, म्हशीच्या पाठीवर मारतात तशी. आगीची, स्फोटाची, युनियनची, साहेबांची, कशाचीच त्यांना भीती वाटली नाही. भीती होती ती घरातल्या तीन लिटरच्या कुकरची.

त्यांच्या पत्नी रखमावहिनी होत्या तेव्हा त्यांनी कुकर गॅसवर ठेवला की भाऊ पेपर उचलून गॅलरीत जात आणि मागचं दार ओढून घेत. पावसाळ्यात छत्री घेऊन बसत. बदलापूरला खरवईच्या आमच्या सोसायटीत सगळ्यांना हे पाठ होतं. उबाळे गॅलरीत दिसले की समजायचं, उबाळ्यांची डाळ गॅसवर आहे.

“एवढा राक्षस सांभाळला या माणसानं,” रखमावहिनी म्हणायच्या, “आणि माझ्या कुकरला बघून पळतो. कुणाला सांगू नका हं वहिनी, पेन्शन बंद करतील.”

मी एकदा भाऊंना कारण विचारलं. त्यांनी मला शाळेतल्या मुलीला समजावावं तसं समजावलं.

“वहिनी, बॉयलरला प्रेशरचं घड्याळ असतं. आत पाणी किती आहे ते काचेच्या नळीत दिसतं. सरकारी इन्स्पेक्टर येतो, ठोकून बघतो, सही करतो. आता तुमच्या कुकरचं बोला. घड्याळ आहे?”

“नाही.”

“काच आहे?”

“नाही.”

“इन्स्पेक्टर येतो?”

“सासूबाई यायच्या.”

“हसू नका. आंधळं भांडं आहे ते. आत काय चाललंय ते शेवटपर्यंत सांगत नाही, गप्प बसतं, आणि मग एकदम किंचाळतं. असल्या माणसाबरोबर तुम्ही राहाल का?”

अशाच एका माणसाबरोबर मी संसार केला होता, पण तो विषय वेगळा.

दोन वर्षांपूर्वी रखमावहिनी गेल्या. भाऊंनी डबा लावला. डब्यातल्या भाजीवर तेलाचा तवंग आणि तेलाखाली सोडा. थोड्याच महिन्यांत त्यांची साखर वाढली, पोट बिघडलं, आणि डॉक्टरांनी सांगितलं की घरचा साधा वरण-भात खा, नाहीतर माझ्याकडे येत राहा.

मी म्हटलं, पातेल्यात शिजवा. त्यांनी शिजवलं. पण भाऊ शब्दकोडं घेऊन बसले की ते सुटेपर्यंत या जगात नसतात. पहिल्या पातेल्यातला भात करपला, दुसऱ्या पातेल्याचं बूड गेलं, आणि तिसऱ्या वेळी जिन्यात आलेला धूर बघून आमचे सेक्रेटरी राजेंद्र यांनी अग्निशामक दलाला फोन केला. विजेच्या कुकरचा विषय मी काढला तेव्हा बदलापुरात दोन दिवस वीज नव्हती, त्यामुळे तो विषय आपोआप मिटला.

भाऊंची एकुलती एक मुलगी भावना नागपूरला बँकेत आहे. अग्निशामक दलाची बातमी तिच्यापर्यंत पोचली आणि तिने व्हिडिओ कॉल केला. भाऊंना तो फोन सरळ धरता येत नाही, तिला नेहमी त्यांचा कान दिसतो, म्हणून फोन मी धरला होता.

“पप्पा, पातेलं बंद. पातेलं जळतं तेव्हा आवाज करत नाही. कुकर निदान ओरडतो तरी.”

“तेच तर ना,” भाऊ म्हणाले.

“ऐका. सहा डिसेंबरला मी दादरला येतेय. सातला सकाळी तुमच्याकडे. तुम्ही स्वतः कुकर लावायचा आणि मला वरण-भात वाढायचा. काकूंनी हात लावायचा नाही. काकू, ऐकताय ना?”

“मी फक्त फोन धरलाय,” मी म्हटलं.

“जमलं तर राहा तिथं, मी परत शब्द काढणार नाही. नाही जमलं तर फ्लॅटला कुलूप, आणि चला माझ्याबरोबर नागपूरला.”

फोन बंद झाला.

“नागपूर काही वाईट नाही,” मी म्हटलं.

“वाईट कशाला असेल? पोरगी जपेल, जावई चांगला आहे. पण तिथं मी भावनाचे पप्पा. इथं अंबरनाथला उतरलो तरी कोणीतरी ‘ओ बॉयलर’ म्हणून हाक मारतं.” मग त्यांनी स्वयंपाकघराकडे बघितलं. “आणि हिनं डबे जसे लावून ठेवले होते तसेच आहेत वहिनी. हळद कुठे, गूळ कुठे. त्याला कुलूप कसं लावू?”

मी शिकले त्या कॉन्व्हेंट शाळेत भीतीवर एकच उपाय होता. ज्या मुलीला अंधाराची भीती वाटते तिलाच भांडारातून खडू आणायला पाठवायचं. भाऊंवर तो उपाय रखमावहिनींनी करून पाहिला होता आणि भाऊ थेट कल्याणला भावाकडे राहायला गेले होते.

त्याच आठवड्यात त्यांच्या पेपरातून एक पत्रक पडलं. ‘भय, क्रोध, चिंता. मन बदलो, जीवन बदलो.’ पत्ता उल्हासनगर कॅम्प दोनचा, पडद्यांच्या दुकानाच्या वर. भाऊंनी ते शब्दकोडं वाचतात तसं पेन्सिल घेऊन वाचलं.

“वहिनी, तुम्हाला पडदे घ्यायचेत म्हणत होता ना?”

मला खरंच घ्यायचे होते. रविवारी आम्ही खाली उतरलो तर जिन्यात तळमजल्यावरची अंजनी भेटली.

“काय काकू, जोडीनं कुठं?”

“पडदे घ्यायला,” मी म्हटलं. हे उत्तर चुकलं हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं, पण तोवर ते सगळ्या इमारतीत गेलं होतं.

वर्ग घेणारे हरेश सर म्हणजे खालच्या पडदेवाल्यांचे धाकटे भाऊ. पांढरा सफारी, गोड आवाज. माणूस खोटा वाटला नाही. त्यांचं म्हणणं असं की आपल्या मनात लहानपणापासून काही ठाम समजुती बसलेल्या असतात, ‘मला जमणार नाही’, ‘मी असाच आहे’ अशा. त्या बदलता येतात. भीतीसुद्धा मनाने शिकलेली असते, म्हणून मनाला ती विसरायलाही शिकवता येते. मग त्यांनी एकेकाला आपापली समजूत सांगायला लावली. जीन्सचा कारखाना चालवणारे एक गृहस्थ म्हणाले की बायकोचा फोन आला की त्यांच्या हाताला घाम सुटतो. एक मुलगी झुरळाला घाबरत होती. माझी पाळी आली तेव्हा मी खरं तेच सांगितलं.

“मला वाटतं की मी सहसा चुकत नाही.”

“मॅडम, वो भीती में नहीं आता,” हरेश सर म्हणाले आणि पुढे गेले.

भाऊंनी उभं राहून सांगितलं, “कुकर.” वर्गात कोणी हसलं नाही. जीन्सवाल्यांनी तर सहानुभूतीने मान हलवली.

“आँखें बंद करो,” हरेश सर म्हणाले. “सामने एक पडदा है.” पडद्याचं उदाहरण त्यांना सोपं जात असावं. “पडदे पे कुकर दिख रहा है?”

“दिख रहा है.”

“उसका रंग निकाल दो. ब्लॅक अँड व्हाइट.”

“वो पहले से सिल्व्हर है, सर.”

“अच्छा. तो उसको छोटा करो. और छोटा. सुपारी जितना.”

भाऊंनी डोळे उघडले. “नहीं होगा सर.”

“क्यों नहीं होगा?”

“अंदर का भाप तो वही है ना? जगह कम हो गया. सुपारी के अंदर तीन लिटर का भाप, वो तो बम है.”

जीन्सवाल्यांनी आपली खुर्ची थोडी मागे सरकवली.

“ठीक है साईं, बडा रहने दो. उसको जोकर की टोपी पहनाओ.”

“टोपी किधर रखेगा सर? ऊपर सेफ्टी व्हॉल्व्ह है. व्हॉल्व्ह बंद हुआ तो हम सबका फोटो दीवार पे, हार के साथ.”

झुरळवाली मुलगी म्हणाली की तिला आता कुकरचीसुद्धा भीती वाटायला लागली आहे.

हरेश सर पाणी प्यायले. पण माणूस चिकाटीचा. त्यांनी दुसरी युक्ती काढली. आयुष्यातला एखादा असा प्रसंग आठवायचा की ज्यात हसून हसून पोट दुखलं, तो डोळ्यांसमोर पुरता उभा करायचा, आणि हसू अगदी टोकाला पोचलं की त्याच क्षणी भीतीचा आवाज कानावर घालायचा. असं पुन्हा पुन्हा केलं की आवाज आणि आनंद यांची गाठ बसते. हे मला पटलं. शाळेच्या घंटेसारखी घंटा कुठेही वाजली की अजून माझी पाठ ताठ होते आणि मी नखं तपासते.

भाऊंना प्रसंग शोधावा लागला नाही. एकदा पांढऱ्याशुभ्र कपड्यातले मोठे साहेब बॉयलर हाउस पाहायला आले, मागे मागे सरकत “व्हेरी गुड, व्हेरी गुड” म्हणत राहिले आणि राखेच्या खड्ड्यात बसले. नुसते बसले नाहीत. तिथूनही एकदा “व्हेरी गुड” म्हणाले. भाऊंनी डोळे मिटून तो खड्डा आठवला, खांदे हलायला लागले, डोळ्यांतून पाणी आलं, आणि हरेश सरांनी मोबाइलवर कुकरची शिट्टी वाजवली. भाऊ हसतच राहिले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मोतिया रंगाचे पडदे घेतले.

आता हरेश सरांनी हा सराव दिवसातून एकदा करायला सांगितला होता. पण भाऊ कारखान्यातले. “बॉयलर तिन्ही पाळ्यांत चालतो वहिनी. मन काय एका पाळीत बदलणार?” त्यांनी माझ्या कुकरची शिट्टी मोबाइलवर रेकॉर्ड करून घेतली. चांगली येईना म्हणून मला पुन्हा पुन्हा कुकर लावावा लागला, आणि त्या आठवड्यात मी चवळी, मटकी आणि छोले यांच्यापलीकडे काही खाल्लं नाही. मग पहिली पाळी, दुसरी पाळी, तिसरी पाळी असं भिंतीपलीकडून ऐकू यायला लागलं: शिट्टी, हसणं, शिट्टी, हसणं. अंजनी मला म्हणाली, “काकू, पडदे लागलेले दिसतात.”

सराव फळला. नको इतका फळला.

मनाला आपला कुकर आणि परका कुकर यातला फरक कळत नाही. सकाळी आमच्या इमारतीत दर घरी डबे भरायची घाई असते, त्यामुळे शिट्ट्यांना खंड नसतो, आणि भाऊ त्या वेळात लिफ्टमध्ये, जिन्यात, पेपरवाल्यापुढे हसत सुटायचे. सोसायटीच्या सभेत राजेंद्र पाण्याच्या टाकीच्या गळतीविषयी गंभीरपणे बोलत होते. कुठूनतरी शिट्टी आली. भाऊ तोंडावर रुमाल धरून खुर्चीतून घसरले. राजेंद्र म्हणाले, “उबाळेसाहेब, गळती तुमच्या डोक्यावर होईल तेव्हा कळेल.” त्यावर दुसरी शिट्टी झाली आणि सभा तहकूब झाली.

मग बनूबाई गेल्या. बनूबाई म्हणजे पहिल्या मजल्यावरच्या जनाबाईंच्या सासूबाई, नव्वदी ओलांडलेल्या, शेवटपर्यंत खणखणीत. आमच्याकडे अशा घरी काही दिवस चूल पेटवत नाहीत, शेजारीपाजारी जेवण पोचवतात. आम्ही भेटायला गेलो. सतरंज्या घातल्या होत्या, माणसं खाली मान घालून बसली होती.

“शेवटी काही बोलल्या का?” कोणीतरी विचारलं.

“बोलल्या ना,” जनाबाई म्हणाल्या. “चहात साखर जास्त झाली म्हणाल्या.”

तेवढ्यात खाली तळमजल्यावर, जनाबाईंच्याच घरासाठी अंजनीने भात लावला होता, तिथून शिट्टी आली.

भाऊंनी पंच्याचं टोक तोंडात कोंबलं. खांदे गदगदायला लागले. डोळ्यांत पाणी. जनाबाईंना भरून आलं.

“भाऊ, एवढं मनाला लावून घेऊ नका. वय झालं होतं त्यांचं.”

दुसरी शिट्टी आली आणि भाऊंचा बांध फुटला. ते हसले, मोकळे, मोठ्याने, राखेच्या खड्ड्यासकट. सगळी खोली त्यांच्याकडे बघत राहिली.

“हसताय तुम्ही?” जनाबाई म्हणाल्या.

“कुकरला हसतायत,” मी घाईने म्हटलं. “म्हणजे बनूबाईंना नाही. कोर्स केलाय त्यांनी. कॅम्प दोनला. पडद्यांच्या दुकानावर.” मी जितकं समजावत गेले तितकं ते वाईट होत गेलं.

जनाबाईंचा चेहरा कसनुसा झाला. “लग्न होऊन आले तेव्हापासून त्या माझ्या शिट्ट्या मोजायच्या,” त्या म्हणाल्या. “तीन झाल्या की आतल्या खोलीतून ओरडायच्या, बंद कर, घर उडवशील.”

तिसरी शिट्टी झाली. का कोण जाणे, आम्ही सगळ्यांनी आतल्या खोलीच्या दाराकडे बघितलं. कोणी ओरडलं नाही. जनाबाई आधी हसल्या आणि मग रडल्या, आणि नंतर दोन्ही एकदम. भाऊंनी त्यांच्यापुढे हात जोडले. “माफ करा ताई.”

“माफ कसलं? या घरात कुकरवर हसायची हिंमत अजून कोणाची झाली नव्हती. चहा घेऊन जा.”

त्या दिवशी भाऊ घरी आले ते विजयी मुद्रेने. शिट्टीची भीती गेली होती यात शंका नव्हती. डिसेंबर लागला होता. त्यांनी रखमावहिनींचा कुकर काढला, मला दाराशी उभं केलं, डाळ-तांदूळ लावले, गॅस पेटवला. मी शाबास म्हणायला तोंड उघडलं तर भाऊ जागेवर नव्हते. गॅलरीचं दार बंद. थोड्या वेळाने शिट्टी झाली आणि गॅलरीतून हसण्याचा आवाज आला. गॅस मीच बंद केला.

“असं कसं झालं हो?” मी विचारलं.

भाऊ काळवंडले होते. “चुकीचा पार्ट दुरुस्त केला वहिनी. शिट्टीला मी घाबरतच नव्हतो. शिट्टी झाली म्हणजे वाफ बाहेर पडली, ते तर चांगलंच आहे. मी घाबरतो ते शिट्टीच्या आधी. तो गप्प असतो ना, तेव्हा.”

आम्ही पुन्हा हरेश सरांकडे गेलो. त्यांनी डोकं खाजवलं आणि सांगितलं की त्या शांततेत स्वतःशी सकारात्मक बोलायचं, “मैं शांत हूँ, मैं शांत हूँ.” भाऊंनी दोन दिवस करून पाहिलं आणि सोडून दिलं.

“मी म्हणतो मैं शांत हूँ. कुकरपण शांत आहे. हेच तर लफडं आहे.”

सहा तारखेला संध्याकाळी मी त्यांच्याकडे डोकावले तर ते बॅग भरत होते. दोन सदरे, रखमावहिनींचा फोटो, हळदीचा डबा. हळदीचा डबा कशाला असं विचारायचं माझ्या जिभेवर आलं होतं. विचारलं नाही.

सातला सकाळी भावना आली. दादरची गर्दी, रांगेतली रात्र, डोळ्यांत झोप. तिने बॅग बघितली, वडिलांकडे बघितलं.

“हार मानली का पप्पा?”

“बॅग भरली आहे. हार नाही मानली,” भाऊ म्हणाले आणि आत गेले. बाहेर आले ते कारखान्याचा निळा डगला घालून. तो त्यांना पोटावर बसत नव्हता. त्यांनी कुकरचं झाकण उजेडात धरून शिट्टीच्या नळीतून फुंकर मारली, रबर बोटाने फिरवून तपासलं, पाणी वाकून बघितलं, बॅगेतला हळदीचा डबा काढून चिमूटभर हळद घातली आणि डबा परत बॅगेत ठेवला. भावनाला त्यांनी दाराबाहेर उभं केलं आणि मला तिच्यामागे. गॅस पेटला.

आणि ती शांतता सुरू झाली. खरं सांगायचं तर मी आजवर हजारो वेळा कुकर लावला असेन, पण ती शांतता मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. आत कायतरी हळूहळू खदखदतंय आणि बाहेर काही कळत नाही. भाऊंचा एक पाय गॅलरीकडे वळला. दुसराही वळणार होता. भावनाने ओठ चावला. तिलाही त्यांनी जिंकावं असं वाटत होतं, हे मला तेव्हा कळलं.

भाऊ एकदम मोठ्याने ओरडले, “पाणी?”

आम्ही दचकलो. मग त्यांनीच, दुसऱ्या आवाजात, उत्तर दिलं, “पाणी बरोबर!”

“व्हॉल्व्ह?”

“व्हॉल्व्ह मोकळा!”

“आग?”

“आग बरोबर!”

बॉयलर हाउसमध्ये भट्टीच्या आवाजात काही ऐकू येत नाही, म्हणून एकाने ओरडून विचारायचं आणि दुसऱ्याने ओरडून सांगायचं अशी पद्धत असते. भाऊ दोन्ही माणसं स्वतःच झाले होते, आणि पाय स्वयंपाकघरातच होते. पुन्हा “पाणी?” आलं तेव्हा उत्तर भावनाने दिलं. तिला कळलंही नसावं. लहानपणी ती त्यांचा डबा घेऊन फाटकापर्यंत जायची, तिथे तिने ते ऐकलेलं.

“पाणी बरोबर!”

“व्हॉल्व्ह?”

“व्हॉल्व्ह मोकळा, पप्पा!”

पहिली शिट्टी झाली. भाऊंनी गॅसचं बटण धरून ठेवलं आणि हसायला लागले. भावनाला त्या हसण्याचं काही माहीत नव्हतं. आई गेल्यापासून तिने वडिलांना असं हसताना पाहिलं नव्हतं. ती दाराला टेकून उभी राहिली आणि दुसऱ्या शिट्टीला तीही हसली, नुसतं बघून. तिसऱ्या शिट्टीला भाऊंनी गॅस बंद केला. टाळ्या मी एकटीनेच वाजवल्या, पण जोरात.

“आत काही दिसत नसताना ‘बरोबर’ कसं म्हणालात?” मी त्यांना हळूच विचारलं.

“वहिनी, बॉयलरवर आम्ही काय दर वेळी बघून म्हणायचो होय?”

हे वाक्य मी इन्स्पेक्टरांच्या कानावर जाऊ देणार नाही.

“चला, वाढा पप्पा. जीव चाललाय भुकेनं,” भावना म्हणाली आणि कुकरकडे हात नेला.

“खबरदार!” भाऊंनी तिचा हात धरला. “गरम आहे.”

“वाफ गेली की उघडतात ना.”

“बॉयलर थंड झाल्याशिवाय उघडत नाहीत.”

“मग किती वेळ?”

“बॉयलरला एक दिवस लागतो. हा लहान आहे. बघू.”

आम्ही बसलो. भावनाने बिस्किटं खाल्ली. भाऊ मधूनमधून कुकरच्या अंगाला हात लावून येत आणि मान हलवत. मी माझ्याकडची पोळी-भाजी आणते म्हटलं तर भावना म्हणाली, “नको काकू, शब्द दिलाय मी, यांच्याच हातचं खाणार.” सतरंजीवर ती झोपून गेली. उन्हं गॅलरीतून खोलीत आली आणि परत निघाली तेव्हा भाऊंनी झाकण काढलं.

डाळ छान शिजली होती. भात थोडा गच्च झाला होता आणि दोन्ही गार होतं. भाऊंनी हळद नेमकी घातली होती, मीठ विसरले होते. भावनाने मीठ घेतलं आणि कालवलं. मग तिने ताट संपवलं.

“पप्पा, असं करा,” ती म्हणाली. “उठल्या उठल्या कुकर लावत जा. दुपारपर्यंत तो थंड होईल. घाई कोणाला आहे?”

“म्हणजे नागपूर?”

“नागपूर काही पळून जात नाही. ती बॅग रिकामी करा आधी. हळद कुठे ठेवलीय, शोधत बसाल.”

भाऊंनी लगेच बॅग उघडली. हळदीचा डबा त्याच्या जागेवर गेला.

संध्याकाळी मी भावनाला रिक्षापर्यंत सोडायला गेले. अंजनी फाटकाशी उभी होती, तिला वाटलं, माझ्या आणि भाऊंच्या जोडीवरून मुलगी वडिलांना समजवायला आली होती आणि शेवटी तिचीच समजूत पटली. भावना रिक्षात बसली आणि तिने माझा हात धरला.

“काकू, एक काम करा. सकाळी ते हसणं ऐकू येईल भिंतीतून. ज्या दिवशी येणार नाही त्या दिवशी मला फोन करा.”

तेव्हापासून रोज सकाळी माझा चहा होतो न होतो तोच भिंतीपलीकडे सुरू होतं: पाणी? पाणी बरोबर! मग थोडा वेळ काही नाही, मग शिट्टी आणि मग भाऊ. एकदाच असं झालं की काहीच ऐकू आलं नाही. मी स्लिपर न घालता धावले, एका हातात फोन. भाऊंनी दार उघडलं.

“काय झालं?” मी विचारलं.

“गॅस संपला,” ते म्हणाले. “तुमच्याकडे कुकर लावता येईल का? पण झाकण मीच काढणार, जेवायच्या वेळी.”